आकड्यांचे रूप : डिजिटल त्रिमितीय आकारांतील सौंदर्याचा शोध

संगणकात साठवलेला त्रिमितीय आकार म्हणजे मुळात आकड्यांची एक लांबलचक यादी असते. अवकाशातील प्रत्येक बिंदूचे तीन निर्देशक आणि कोणता बिंदू कोणत्या बिंदूशी जोडायचा हे सांगणारी दुसरी यादी, एवढ्या सामग्रीवर एखादे मडके, मोटारीचा सांगाडा किंवा माणसाचा चेहरा उभा राहतो. त्याला वजन नसते, हाताला लागणारा खरखरीतपणा नसतो, आणि मातीच्या वा दगडाच्या शिल्पाला जो त्या द्रव्याचा स्वभाव चिकटलेला असतो तोही नसतो. असे असूनही पडद्यावर फिरणाऱ्या अशा दोन आकारांपैकी देखणा कोणता आणि बेढब कोणता याचा निवाडा पाहणारी माणसे क्षणभरात देतात, आणि पुष्कळदा हे निवाडे एकमेकांशी जुळतात. रूपाचा हा प्रत्यय नेमका कशामुळे येतो, हा प्रश्न एके काळी तत्त्वज्ञांचा होता. गेल्या पन्नास वर्षांत तो मोटारींचे आरेखक, चलच्चित्रकार, दृष्टीचे मानसशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ यांच्या रोजच्या कामाचा प्रश्न झाला आहे, आणि त्याचे जे काही उत्तर आज हाती आले आहे ते आकाराच्या भूमितीपेक्षा त्या भूमितीवरून वाहणाऱ्या प्रकाशाकडे बोट दाखवते.

या इतिहासातील सर्वांत परिचित आकार म्हणजे 'युटा टीपॉट'. १९७५ साली युटा विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मार्टिन न्यूएल यांना संगणकीय चित्रांच्या चाचणीसाठी गोल किंवा घन यांपेक्षा समृद्ध, तरीही आकड्यांत मांडायला आटोपशीर असा आकार हवा होता; पत्नी सँड्रा यांनी घरातील चहाचा संचच नमुना म्हणून सुचवला, आणि न्यूएल यांनी तो आलेखपत्रावर रेखाटून त्याच्या वक्ररेषांचे नियंत्रक बिंदू संगणकात घातले. या टीपॉटचे पोट फुगीर आहे, मान आत वळलेली आहे, दांड्यामधून आरपार दिसते, चोच पोटावर सावली टाकते, आणि पृष्ठभागावर कोणतीही नक्षी नसतानाही वस्तू तत्काळ ओळखू येते. त्यामुळे प्रकाश, छाया आणि झाकले जाणे या तिन्ही गोष्टींची परीक्षा एकाच आकारात होते. सुरुवातीच्या मांडणीत त्याला तळ नव्हता, कारण चित्रात तो दिसणारच नव्हता. पुढे जिम ब्लिन यांनी त्याची उंची कमी केली. त्यामागे त्या काळच्या पडद्यावरील बिंदू चौरस नसण्याची अडचण होती की केवळ नजरेला तो तसा अधिक रुचला, याविषयी दोन्ही हकिकती सांगितल्या जातात. परंतु जगभर रूढ झाला तो हा बुटका टीपॉटच, आणि कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलेला मूळ चिनी मातीचा टीपॉट पाहताना, ज्यांची नजर पडद्यावरील रूपाला सरावली आहे त्यांना, खरी वस्तूच उगाच उंच वाटते.

प्रमाणाच्या एवढ्याशा फरकाने रूप बदलते, हे पाहिल्यावर सौंदर्य प्रमाणातच असले पाहिजे असा विचार येणे साहजिक आहे, आणि तो फार जुना आहे. भारतीय शिल्पशास्त्रातील तालमान ही पद्धती चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि एका तालाची बारा अंगुले, असे एकक ठरवून मूर्तीचे सारे अवयव मोजते. मात्र तालमान हे कारागिराच्या हातातील साधन होते. सौंदर्य सिद्ध करण्याचा दावा त्यात नव्हता, आणि हा संयम पुढच्या अनेक युरोपीय प्रयत्नांत आढळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव फेख्नर यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या प्रमाणांचे दहा आयत लोकांपुढे ठेवून आवडता आयत निवडायला सांगितल्याचे प्रयोग आहेत. सुवर्ण गुणोत्तराच्या आयताला त्यांच्या प्रयोगात सर्वाधिक पसंती मिळाली, पण नंतरच्या संशोधकांना हा निष्कर्ष तितक्या ठामपणे पुन्हा मिळाला नाही. अमेरिकी गणिती जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी १९३३ साली तर सौंदर्याचे सूत्रच मांडले : आकृतीतील सुव्यवस्थेला तिच्या गुंतागुंतीने भागले की तिचे सौंदर्यमूल्य मिळते. त्यांनी नव्वद बहुभुजाकृतींची या सूत्राने क्रमवारी लावली आणि पहिला क्रमांक चौरसाला मिळाला. चौरसाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही, तथापि जे सूत्र सर्वांत निरस आकाराला अग्रस्थान देते ते डोळ्याला काय रुचते याविषयी फारसे काही सांगत नाही.

सपाट आकृती सोडून थेट त्रिमितीय पृष्ठभागाकडे वळलेला एक प्रयत्न मात्र आजही विचार करायला लावतो. गणिती फेलिक्स क्लाइन यांना असे वाटले की मानवी चेहऱ्याचे सौंदर्य पृष्ठभागाच्या वक्रतेत दडलेले असावे. वक्रता म्हणजे काय, हे चेहऱ्यावरच समजून घेता येते. पृष्ठभागावरील कोणत्याही बिंदूपाशी त्याचे वळण एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजता येते. नाकाच्या शेंड्यावर किंवा हनुवटीवर ही दोन्ही वळणे एकाच बाजूला झुकलेली असतात, आणि दोन भुवयांच्या मध्ये जेथे नाक कपाळाला मिळते तेथे उभे वळण एका बाजूला तर आडवे वळण दुसऱ्या बाजूला असते. या दोन जातींच्या प्रदेशांना विभागणारी जी सीमा, म्हणजे जेथे एका दिशेचे वळण मावळून शून्य होते, तिला पॅराबोलिक रेषा म्हणतात. क्लाइन यांनी अपोलो बेल्व्हेडेअर या प्राचीन शिल्पावर, जे युरोपात पुरुषसौंदर्याचा आदर्श मानले जात असे, या सर्व रेषा आखून घेतल्या. हाती काहीही लागले नाही : रेषांना ना साधे रूप होते, ना त्या कोणत्या ओळखू येणाऱ्या नियमाने चालल्या होत्या. डाव्हिड हिल्बर्ट आणि श्टेफान कोन-फॉसेन यांनी १९३२ च्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात ही हकिकत नोंदवली आहे, आणि एरवी ती फसलेल्या प्रयत्नाचे उदाहरण म्हणूनच सांगितली जाते.

परंतु क्लाइन यांनी योग्य रेषा शोधल्या होत्या आणि त्यांना चुकीचा प्रश्न विचारला होता, असे म्हणायला जागा आहे. हॉलंडमधील यान कुंडेरिंक आणि आंद्रेआ फान दोर्न यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की चकाकत्या पृष्ठभागावरील प्रकाशबिंदू, ज्यांना चित्रकार 'हायलाइट' म्हणतात, ते पाहणारा किंवा दिवा हलू लागला की पृष्ठभागावरून सरकतात, आणि नवे प्रकाशबिंदू जोडीने जन्मतात किंवा दोन एकमेकांत मिळून नाहीसे होतात ते नेमके या पॅराबोलिक रेषांवर. १९८४ मध्ये कुंडेरिंक यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली : एखाद्या गुळगुळीत वस्तूची बाह्यरेषा जेथे बाहेर फुगते तेथे पृष्ठभाग फुगीर असतो, जेथे ती आत वळते तेथे पृष्ठभाग नाकाच्या मुळाच्या जातीचा असतो, आणि जेथे बाह्यरेषेचे वळण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पालटते तेथे पृष्ठभागावर हमखास क्लाइन यांची रेषा असते. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थ यांनी १७५३ साली 'द अ‍ॅनालिसिस ऑफ ब्यूटी' या ग्रंथात सौंदर्याचे मूळ म्हणून जी नागमोडी रेषा सांगितली होती, आणि शंकूभोवती गुंडाळून जिला त्यांनी त्रिमितीय रूपही दिले होते, तिचे सारे वैशिष्ट्य या पालटण्यातच आहे. चित्रकाराने नजरेने हेरलेली रेषा आणि गणितज्ञाने शिल्पावर आखलेली रेषा यांची गाठ अशा रीतीने प्रकाशात आणि बाह्यरेषेत पडते. चेहऱ्यावर त्या रेषा कशाही पसरलेल्या असोत, मान किंचित वळली की उजेड कोठे उमलेल आणि कोठे विझेल हे त्याच ठरवतात, आणि डोळा चेहरा वाचतो तो या उजेडावरूनच.

डोळ्याला पृष्ठभाग थेट कधीच मिळत नाही, ही या विषयातील मध्यवर्ती गोष्ट आहे. नेत्रपटलावर पडते ती सपाट प्रतिमा, आणि तिच्यातील उजळ-काळोख्या छटांवरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वर उजळ आणि खाली गडद अशा छटेचे वर्तुळ लोकांना फुगवट्यासारखे दिसले आणि तेच उलटे केल्यावर खळग्यासारखे, कारण प्रकाश एकच आहे आणि तो वरून येतो असे मेंदू गृहीत धरतो. या अंदाजाला मर्यादाही आहे. पीटर बेल्ह्यूमर, डेव्हिड क्रीगमन आणि अ‍ॅलन युईल यांनी १९९७ मध्ये गणिताने दाखवले की चकाकी नसलेला पृष्ठभाग खोलीच्या दिशेने चेपला आणि त्याबरोबर प्रकाशाची दिशा व पृष्ठभागाची छटा योग्य प्रमाणात बदलली, तर समोरून दिसणारे चित्र जसेच्या तसे राहते. पूर्ण उठावाची मूर्ती आणि उथळ उठावाचा शिल्पपट समोरून एकसारखे भासू शकतात, त्याचे कारण हेच. कुंडेरिंक यांच्या गटाने पडद्यावरील चित्रावर एक छोटी चकती फिरवून ती पृष्ठभागाला चिकटल्यासारखी दिसेपर्यंत बसवायला लोकांना सांगितले, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर स्वतःशी सुसंगत निघाले, परंतु व्यक्तिव्यक्तींच्या मनातील आकार खोलीच्या दिशेने कमीअधिक ताणलेले होते. म्हणजे एकाच आकाराविषयी दोघांचे मत भिन्न पडते तेव्हा, रुचीतील भेदाच्याही आधी, दोघांनी पाहिलेला आकारच थोडा निराळा असू शकतो, आणि सौंदर्यविषयक वादांत ही शक्यता जितक्या गांभीर्याने घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही.

युटा विद्यापीठातील पहिल्या पिढीला डोळ्याच्या या स्वभावाचा अनुभव फार लवकर आला. संगणक वक्र पृष्ठभाग लहान लहान सपाट बहुभुजांत तोडून रंगवत असे, त्यामुळे चेहरा पैलू पाडलेल्या दगडासारखा दिसे. आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये बहुभुजांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे मान काढून मधल्या भागात ते एकसारखे मिसळत नेण्याची पद्धत काढली. उजेड आता कोठेही तुटत नव्हता. तरीही बहुभुजांच्या कडांवर फिकट आणि गडद पट्टे दिसतच राहिले. हे पट्टे चित्रात नव्हते, ते डोळ्यात होते. उजेड वाढण्याचा वेग जेथे अचानक बदलतो तेथे दृष्टी तो बदल अतिशयोक्त करून दाखवते, हे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच नोंदवले होते, आणि त्या पट्ट्यांना त्यांचेच नाव आहे. व्हिएतनाममधून आलेले बुई तुओंग फोंग यांनी १९७३ च्या प्रबंधात उजेडाऐवजी पृष्ठभागाची दिशाच मिसळत नेली, आणि प्रत्येक बिंदूपाशी उजेड नव्याने काढला. त्यामुळे पट्टे जवळजवळ मावळले आणि आकाराला चकाकी आली. फोंग १९७५ मध्ये अगदी तरुण वयात निवर्तले, पण त्यानंतरची कित्येक वर्षे पडद्यावर दिसलेली बहुतेक सर्व डिजिटल चकाकी त्यांच्या सूत्राने रंगवलेली होती.

माख यांच्या पट्ट्यांमधून जी गोष्ट दिसते ती मोटार उद्योगाने धंद्याचा कणा म्हणून जपली आहे. जहाजबांधणीतील कारागीर लाकडाची लवचिक पट्टी जड वजनांनी ठिकठिकाणी अडकवून वक्ररेषा आखत असत, आणि पट्टी स्वतःच्या ताणाने जे सुडौल वळण घेई तेच जहाजाच्या बाजूचे वळण होई; 'स्प्लाइन' हे त्या पट्टीचे नाव आज संगणकातील वक्ररेषांना मिळाले आहे. फ्रान्समध्ये सिट्रॉएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोजक्या नियंत्रक बिंदूंवरून असे वळण आकड्यांनी काढण्याची रीत स्वतंत्रपणे विकसित केली. कंपनीने गुप्तता राखल्यामुळे कास्तेल्जो यांचे काम मागे राहिले आणि रेषांना नाव मिळाले ते बेझिए यांचे. न्यूएल यांचा टीपॉट अशाच तुकड्यांनी बनलेला आहे.

मोटारीचा बाह्यभाग अशा अनेक तुकड्यांचा असतो, आणि सारे कसब दोन तुकडे मिळतात त्या सांध्यावर असते. तुकडे केवळ एकमेकांना टेकले तर कंगोरा दिसतो. त्यांची दिशाही जुळली तर बोटाला सांधा लागत नाही, पण डोळ्याला लागतो : रंग दिलेल्या पत्र्यावर दिव्याच्या नळीचे प्रतिबिंब सांध्यापाशी पोहोचताच मोडल्यासारखे वाकते, कारण प्रतिबिंब पृष्ठभागाच्या दिशेवर अवलंबून असते आणि म्हणून पृष्ठभागाच्या वळणातील अचानक बदल प्रतिबिंबात कोन होऊन दिसतो. वळणही जुळले तरच प्रतिबिंब सांध्यावरून अखंड वाहते, आणि कसोशीने काम करणारे आरेखक त्याही पुढे जाऊन वळण बदलण्याचा वेगसुद्धा जुळवतात. अशा निर्दोष बाह्यभागाला या व्यवसायात 'क्लास-ए' पृष्ठभाग म्हणतात. त्याची परीक्षा करताना पडद्यावरील मोटारीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कृत्रिम प्रतिबिंब पाडले जाते, ज्यांना झेब्रा पट्टे म्हणतात, आणि प्रतिकृती फिरवत फिरवत ते पट्टे कोठे अडखळतात, कोठे विनाकारण दाटतात हे पाहिले जाते. सामान्य ग्राहकाला वक्रतेचे गणित ठाऊक नसते, तरी दोन मोटारींपैकी एकीचा पत्रा 'स्वस्त' वाटतो असे तो सांगतो, आणि त्याने पाहिलेले असते ते हेच अडखळणे. डिजिटल आकाराच्या सौंदर्याविषयी निरपवादपणे म्हणता येईल असे जर काही असेल तर ते येथे आहे, आणि त्याचे श्रेय सौंदर्यशास्त्रापेक्षा कारखान्यातील आरेखकांच्या चिकाटीला अधिक आहे.

आकार कोणत्या बाजूने पाहिला यावरही निवाडा ठरतो. फोल्कर ब्लांझ, मायकेल टार आणि हाइनरिख ब्यूल्टहॉफ यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ओळखीच्या वस्तूंच्या डिजिटल प्रतिकृती हव्या तशा फिरवून उत्तम छायाचित्राचा कोन निवडायला सांगितले. बहुतेकांनी वस्तू किंचित तिरकी आणि किंचित वरून दिसेल असा कोन घेतला, मात्र तीच वस्तू मनात आणायला सांगितल्यावर अगदी समोरची किंवा बाजूची दृश्ये पुष्कळ वेळा पुढे आली. २०११ मध्ये एड्रियन सेकॉर्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या अशा निवडींवरून संगणकाला कोन निवडायला शिकवले आणि दिसणारे क्षेत्रफळ, बाह्यरेषेची लांबी, वरून पाहण्याचा कल अशा अनेक गुणांचा एकत्रित हिशेब केला. या संशोधनाचा उपयोग उघड आहे, परंतु उत्तम कोन निवडून देणारा संगणक पाहणाऱ्याकडून आकार फिरवून पाहण्याची क्रिया काढून घेतो, आणि प्रकाशबिंदू सरकण्यात जे रूप उलगडते ते स्थिर चित्रात अर्धेही येत नाही.

आवडीच्या सर्वसाधारण नियमांविषयी थोडक्यात सांगता येते, कारण ते थोडेच आहेत. मोशे बार आणि माइटल नेटा यांनी २००६ मध्ये दाखवले की एकाच प्रकारच्या वस्तूंच्या जोडीत लोक टोकदार कडांच्या वस्तूपेक्षा वळणदार वस्तू अधिक पसंत करतात, आणि टोकातून मेंदूला धोक्याची सूचना मिळत असावी असे त्यांनी सुचवले. गुंतागुंतीच्या बाबतीत मात्र अपेक्षा चुकली. फ्लिप फिलिप्स, फार्ली नॉर्मन आणि अमांडा बिअर्स यांनी २०१० मध्ये फेख्नर यांच्या आयतांऐवजी निसर्गातील वस्तूंच्या अधिक जवळ जाणारे त्रिमितीय आकार लोकांपुढे ठेवले, तेव्हा मध्यम गुंतागुंत सर्वांत रुचेल हा अंदाज खोटा ठरून अगदी साधे किंवा अगदी गुंतागुंतीचे आकार लोकांच्या पसंतीस उतरले. बर्कहॉफ यांच्या भागाकाराला यातील पहिले टोक मानवते, दुसरे नाही.

सूत्र हाती लागत नाही असे दिसल्यावर संशोधकांनी सूत्राचा नादच सोडून दिला. कपिल देव, मॅनफ्रेड लाउ आणि लिगांग लिउ यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सौंदर्याची कोणतीही व्याख्या आधी केलेली नाही : लोकांकडून आकारांविषयीची पसंती गोळा करायची, आणि त्या निवडींवरून प्रत्येक आकाराला गुण द्यायला न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याला, शिकवायचे. आकार या जाळ्याला दिला जातो तो 'व्हॉक्सेल'च्या रूपात, म्हणजे अवकाशाचे लहान घनांत विभाजन करून कोणता घन भरलेला आणि कोणता रिकामा एवढे सांगून. माणसांचा कौल प्रमाण मानण्यातील प्रामाणिकपणा येथे निश्चितच आहे. तथापि गुळगुळीत पृष्ठभाग अशा घनांच्या पायऱ्यांत रूपांतरित झाला की एकूण ठेवण आणि प्रमाण उरते, आणि झेब्रा पट्ट्यांना जे दिसले असते ते नाहीसे होते. ज्या सूक्ष्म वळणासाठी मोटारीचे आरेखक महिनोन्‌महिने खर्च करतात, ते पाहण्याची सोयच या परीक्षकाला ठेवलेली नाही. शिवाय कौल देणारे लोक बदलले तर गुणही बदलतील. तेव्हा या गुणांना विशिष्ट लोकांच्या पसंतीचा सारांश म्हणणे योग्य, आकाराचे सौंदर्यमूल्य म्हणणे धाडसाचे.

अखंड वळण हेच रूपाचे सर्वस्व असेही समजण्याचे कारण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या गटाने १९९८-९९ मध्ये इटलीत मुक्काम करून मायकेलअँजेलोची शिल्पे लेसरच्या साहाय्याने मोजली. ५.१७ मीटर उंचीच्या 'डेव्हिड'च्या मोजणीतून सुमारे दोन अब्ज बहुभुज आणि सात हजार रंगीत छायाचित्रे जमा झाली, आणि कलेतिहासाच्या पुस्तकांत या पुतळ्याची उंची ४.३४ मीटर अशी चुकीची छापली जात होती हेही त्यातून उघड झाले. लेसरच्या मोजमापांतील अंतर मिलिमीटरच्या सुमारे एक चतुर्थांशाइतके बारीक ठेवले होते ते छिन्नीचे घाव टिपता यावेत म्हणून. फ्लॉरेन्सच्या अकादमीतील अपूर्ण 'सेंट मॅथ्यू'वर तर दातेरी छिन्नीचे ओरखडे सर्वांगावर आहेत, आणि त्या शिल्पाचे रूप पुष्कळ अंशी त्या ओरखड्यांवर अडकणाऱ्या उजेडातच आहे. मोटारीच्या कसोटीवर ते सरसकट नापास ठरेल. लेसरच्या मोजमापात यंत्राचा म्हणून काही खडबडीतपणा येतो, तो पुसायला पृष्ठभाग आकड्यांनी गुळगुळीत करावा लागतो, आणि पुसण्याचा जोर थोडा जरी वाढला तरी यंत्राच्या खुणांबरोबर छिन्नीच्या खुणाही जाऊ लागतात. दोहोंचा आकार सारख्याच मापाचा असल्यामुळे केवळ आकड्यांवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पुसण्याचा जोर किती ठेवायचा हे ठरवायला पडद्यावरील शिल्पावर अगदी तिरपा प्रकाश टाकून, तो हळूहळू फिरवत, कोणता उंचवटा हाताचा आणि कोणता यंत्राचा हे छिन्नीचे काम ओळखणाऱ्या माणसालाच पाहावे लागते.